बोलता येईल इतक्या वेगाने

रवि. २ एप्रिल २००६, साउथहॅम्प्टन

मागची नोंद ऑक्टोबरातली आहे. इतके महिने वहीकडे फिरकले नाही, त्याबद्दल दिलगीर. मिलिंदची अँजिओप्लास्टी झाली त्या आठवड्यापासून लिहायला बसलं की नुसते आकडेच यायचे: बीपी, गोळ्यांचे डोस, पुढची तारीख. असले आकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर बघतेच. इथेही तेच नको म्हणून वही मिटून ठेवली.

आज उघडली, कारण मि. ने शेडमधून सायकल बाहेर काढली. हँडलवर कोळ्याचं जाळं. तेल घालताना शीळ वाजवत होता.

हार्टच्या डॉक्टरांनी गुरुवारी परवानगी दिली. गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही, म्हणून घड्याळ लावून नाडी मोजण्यात अर्थ नाही म्हणाले. बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा. वाक्य मध्येच तुटलं, की उतरा.

तसा करार झाला. मी पुढे, तो मागे, आणि त्याने बोलत राहायचं. वाक्य तुटलं की मी थांबणार. वाद नाही. छातीत काही वाटलं तर त्याने लगेच सांगायचं.

मि.: "म्हणजे मी बोलायचं आणि तू ऐकायचं? चोवीस वर्षांत पहिल्यांदा."

रवि. ९ एप्रिल

न्यू फॉरेस्ट. ट्रेनने ब्रॉकनहर्स्टपर्यंत, मग जंगलातल्या गिट्टीच्या वाटा. घोडे रस्त्यात उभे, हलत नाहीत. मि. त्यांच्याशीही मराठीत बोलला.

संपूर्ण वेळ नागपूरच्या हॉस्टेलची मेस: कोण आचारी, कोणत्या वारी काय, वांग्याच्या भाजीवरून झालेला संप. एका लहानशा चढावर "आणि मग" पाशी थांबला, पाणी प्यायला, पुन्हा "आणि मग" पासून सुरू. माझं लक्ष गोष्टीकडे नव्हतंच, शब्दांमधल्या जागेकडे होतं. घरी आल्यावर त्याने विचारलं, संप कसा मिटला सांग बघू. मला सांगता आलं नाही.

शनि. १५ एप्रिल

त्याला फ्रान्सला जायचं आहे. दरवर्षी जातो तसंच, मेअखेरच्या सुट्टीत चार दिवस. लाल ब्रिटिश पासपोर्ट आल्यापासून व्हिसाची कटकट नाही. बोटीत बसायचं, पलीकडे उतरायचं. डांबरी रस्ता शक्य तितका टाळायचा. शेतांमधल्या मातीच्या वाटा, बंद पडलेल्या रेल्वेचे खडी घातलेले मार्ग, कालव्याकाठचा पट्टा. नॉर्मंडीतल्या दोन्ही बाजूंनी उंच कुंपणं असलेल्या वाटांना तो पांदण म्हणतो. त्याच्या आजोळी अशाच होत्या म्हणे, फक्त तिथे बाभळी, इथे हेझल.

आजवर रूट तोच काढायचा. यंदा नकाशे माझ्यापुढे ठेवले. "तूच काढ. तुझ्या मनासारखा असला तर तू रात्रभर जागणार नाहीस."

एकच अट: ऑर्न नदीवरचा डोंगर हवा. गेल्या सप्टेंबरात पावसामुळे खालूनच परतलो होतो, ती वरची धारेवरची वाट.

मी बरं म्हटलं.

शनि. २२ एप्रिल

बर्मिंगहॅमला जयंतीचा कार्यक्रम. हॉल भरलेला. भाषणं लांबली, जेवण उशिरा, वरण उत्तम. वानखेडेकाका मि. ला गाठून म्हणाले, "जयभीम मिलिंदराव! काय ऐकतो, आत स्प्रिंग बसवून पुन्हा सायकलवर? पंक्चर झालं म्हणजे?"

मि.: "जयभीम काका. ट्यूबलेस बसवलंय."

काका हसले, मग माझ्याकडे वळून हळूच: "पोरी, तूच सांभाळ गं. हा नाही ऐकायचा." परतीच्या ट्रेनमध्ये त्या वाक्याचा राग येत राहिला. काकांचा नव्हे. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, त्याचा.

रवि. ७ मे

रूट पुरा झाला. जेवणाच्या टेबलावर पंधरा दिवस नकाशे पसरलेत, आम्ही स्वैपाकघरात उभ्याने जेवतो.

पद्धत त्याचीच. शिवणाचा दोरा ओला करून वाटेच्या वळणांवर बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर मोजायचा. पांढरा रस्ता चालेल. तुटक रेघ म्हणजे शेतवाट, तिथे पावसानंतर भरवसा नाही. तपकिरी रेषा जवळ जवळ आल्या की चढ.

पहिला दिवस समुद्रापासून कालव्याकाठाने केन शहरापर्यंत, पुढे जुनी रेल्वे. सपाट. दुसऱ्या दिवशी गव्हाची शेतं, पांदणी, मग नदी. तिथून दोन वाटा: एक नदीकाठाने, दुसरी जंगलातून वर धारेवर. दोन्ही पेन्सिलने काढल्या.

जंगलातल्या तपकिरी रेषा इतक्या दाट की मधला कागद दिसत नाही. किती चढ ते मोजलं. पुन्हा मोजलं. डॉक्टर चढू नका म्हणाले नव्हते. बोलता येईल इतक्या वेगाने, एवढंच म्हणाले होते. त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं का? लॅबमध्ये मला रक्त दिसतं, माणूस दिसत नाही. तरीही.

मि. ला म्हटलं, "वरची वाट आहे, पण तिथे जाऊन बघू."

"बघू म्हणजे जाऊ की नाही जाऊ?"

"बघू म्हणजे बघू."

शनि. २७ मे, बोटीवर

पोर्ट्समथ मागे पडलं. सायकली खाली ट्रकांच्या शेजारी दोरीने बांधल्यात. मि. डेकवर एका म्हाताऱ्या इंग्रज सायकलवाल्याशी टायरांवर बोलतोय.

आत्ता लक्षात आलं: हँडलवरच्या पिशवीत नकाशा अशा घडीचा ठेवलाय, की डोंगर मागच्या बाजूला जातो. मुद्दाम केलं का? आठवत नाही. उलटी घडी घालायला उठले. पुन्हा बसले.

रवि. २८ मे, केनच्या दक्षिणेला

कालव्याकाठी गळ टाकून बसलेले लोक. प्रत्येकाला मि. चं "बाँजूर". त्याला येणारं फ्रेंच तिथे संपतं. माझी संध्याकाळच्या क्लासची दोन वर्षं कामी येतात, खोल्या आणि पाव मिळवण्यापुरती.

जुन्या रेल्वेवर बारीक पांढरी खडी, टायरखाली साखरेसारखी करकरते. जुन्या स्टेशनच्या इमारतीत कुणीतरी राहतं, फलाटावर टोमॅटोच्या कुंड्या. मि. ची बडबड अखंड: त्याच्या ऑफिसातला नवा मॅनेजर, मग थोडं विपश्यनेबद्दल, मग पांदणींची तुलना. एकही वाक्य तुटलं नाही. दुपारनंतर मी खरोखर ऐकायला लागले.

सोम. २९ मे, नदीकाठचं गाव

आज मी खोटं बोलले. जसं झालं तसं लिहून ठेवते.

सकाळी शेतवाटा. गहू कंबरेपर्यंत, मधोमध गवताची पट्टी, दोन्ही चाकोऱ्या कोरड्या. सोमवार म्हणून गावातली बेकरी बंद, थालीपिठांवर भागलं. अकराच्या सुमारास नदीच्या वरच्या फाट्यावर पोचलो. डावीकडे उतार, नदी. उजवीकडे जंगलात चढणारी वाट. फाट्यावर एक घर, अंगणात एक म्हातारी बाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

मि. म्हणाला, "आजींना विचार ना, वाट कशी आहे."

विचारलं. आजी म्हणाल्या, वाट सुंदर आहे, अगदी सुकी. कालच माझा नातू सायकलने वर गेला होता. सावकाश जा म्हणजे झालं, वरून सगळं दिसतं.

मि.: "काय म्हणतात?"

मी म्हटलं, "चिखल आहे म्हणतात. परवा वर ट्रॅक्टर अडकला होता."

त्याने वर जंगलाकडे पाहिलं. मग आजींना हात जोडून "मेर्सी मादाम" म्हणाला आणि सायकल उताराकडे वळवली. आजी मागून ओरडल्या: तिकडे नाही, तिकडे नाही, इकडे वर! हातानेही दाखवत होत्या.

"आता काय म्हणतात?"

"अच्छा म्हणतात."

त्याने आजींना हात हलवला.

ट्रॅक्टर कुठून आणला मी? चिखल म्हटलं असतं तरी पुरलं असतं. इतकी वर्षं इंग्रजांसमोर आम्ही दोघं मराठीत बोलून घेतो: दुकानात, शाळेत, डॉक्टरांसमोरसुद्धा. ती आमची खोली. आज मी त्याला बाहेर ठेवून दार लावलं, आणि तो बाहेर उभा राहून हसून हात हलवत होता.

चौथं शील, खोटं न बोलण्याचं, बर्मिंगहॅमला सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं होतं. इथे दुसऱ्यांदा खोटं बोलताना अडखळलेसुद्धा नाही.

नदीकाठ छान होता. लव्हाळी, पाणी, सावली. तो बोलत होता. मला ऐकवेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी

खोली दिलेलं जोडपं इंग्रज आहे, ब्रायन आणि जीन, इथे येऊन स्थायिक झालेले. चहाबरोबर ब्रायनने विचारलं, डोंगरावरून आलात ना? आत्ता फार छान आहे, नवी खडी टाकलीय, एकदम कोरडी.

मि. ने कप खाली ठेवला. मग हसून इंग्रजीत म्हणाला, नाही, नदीकाठाने आलो. माझ्या बायकोला पाणी आवडतं.

वर खोलीत आल्यावर: "आजी काय म्हणाल्या होत्या?"

सगळं सांगितलं, नातवासकट.

"आणि ट्रॅक्टर?"

"तो मी घातला."

आधी हसला. खरंच हसला. "काहून गं? बैलगाडी तरी घालायची, मला पटली असती." मग बेसिनपाशी जाऊन जर्सी धुवायला लागला. बराच वेळ धूत होता. पाठमोराच म्हणाला, "मला सरळ सांगितलं असतंस, भीती वाटते म्हणून, तर मी बहुतेक नदीनेच आलो असतो."

त्याचं 'बहुतेक' मला ऐकू आलं होतं. आणि मी नेमकं त्या 'बहुतेक'लाच घाबरले होते.

मंगळ. ३० मे

नाश्त्याला त्याने नकाशा मागितला. दिला. त्याने घडी उलटी घातली, स्वतःच्या हँडलवर रबरबँडने बांधली.

"परतीला वरून जातोय. तू खालून आलीस तरी चालेल. पुलापाशी भेटू."

"येते."

आज तो पुढे, मी मागे. वाट ब्रायन म्हणाला तशीच: पांढरी, कोरडी, बीच झाडांचा बोगदा. ट्रॅक्टरच्या चाकांचा ठसासुद्धा नाही.

तो बोलला नाही.

पहिल्या वळणापर्यंत वाटलं, रागावलाय, बरोबरच आहे. दुसऱ्या वळणानंतर कळेना. राग आहे की दम? मागून ऐकू येत होती नुसती खडी. शिव्या दिल्या असत्या तरी मला हव्या होत्या, एका दमात दिल्या की नाही ते कळलं असतं. "मिलिंद, काहीतरी बोल," असं म्हणायचा हक्क काल घालवला होता. तरी म्हटलं.

"चढतोय," एवढंच.

एक शब्द. त्यावरून काय समजायचं?

तिसऱ्या वळणावर उतरला आणि मागच्या बॅगचा पट्टा आवळायला लागला. माझ्याकडे पाठ. मी गाठलं तेव्हा पट्टा घट्टच होता, पाहिला मी.

"ठीक?"

"ठीक. पट्टा सैल झाला होता."

पुढे पुन्हा एकदा पट्टा. त्यानंतर सायकल हातात धरून चालत गेला. मीही चालले. चालताना तर बोलता येतं. बोललो नाही.

वर पोचलो. खाली नदीचं वेटोळं, काल गेलो तो काठ, गव्हाचे चौकोन, एक रेल्वेचा पूल. त्याने संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. चेहऱ्याचा रंग बरा वाटला. झाडांतून आलेल्या हिरव्या उजेडात कसला रंग कळणार. त्याचा हात हातात घेतला. नाडी मोजली नाही, असं लिहिणार होते. मोजायला घेतली होती. गोळ्यांमुळे उपयोग नाही हे माहीत असून. त्याला कळलं, हात काढून घेतला नाही, पण म्हणाला, "झालं का?"

मी विचारलं, "छातीत काही झालं का?"

"नाही."

काल मी "चिखल आहे" म्हटलं तेव्हा माझा आवाजही असाच होता. साधा.

उतारावर त्याची बडबड पुन्हा सुरू झाली. नदी, झाडं, ब्रायनच्या चहाची चेष्टा. उतारावर कोणालाही बोलता येतं.

गुरु. १ जून, घरी

काल बोटीवर तो झोपला. मी त्याच्याकडे बघत बसले, मग स्वतःचीच लाज वाटून डेकवर गेले.

आज लॅब. टेबलावर छातीत दुखलेल्या लोकांचं रक्त, नेहमीसारखं. त्यांच्यापैकी किती जणांनी घरी "काही नाही" म्हटलं असेल, हा विचार आधी कधी आला नव्हता.

करारात एकच गोष्ट महत्त्वाची होती: त्याने मला सांगायचं. रूट, दोरा, चढ, हे सगळं त्यापुढे बारीकसारीक. आणि तेच मी मोडलं. मला घाबरवलं तर मी वाट बंद करते, हे त्याला आता माहीत आहे. मग तो का सांगेल?

की खरंच काही झालं नव्हतं, पट्टा खरोखर सैल होता, आणि मला माझ्याच खोट्यामुळे सगळं खोटं दिसतंय? दोन्ही शक्य आहे. कळायला मार्ग नाही. त्याच्या शब्दावर विसंबायचं, नाहीतर नाही.

रवि. ४ जून

लीड्सहून रुचाचा फोन. "आई, बाबा थकली होती का?" इथेच वाढली, तिकडे कॉलेजला गेल्यापासून मराठी आणखीच घसरलंय. मी दुरुस्त करणं सोडलंय.

"नाही. डोंगर चढला."

"आणि तू त्याला let केलास?"

म्हटलं, "मी कोण let करणारी?" मग रुचा म्हणाली, "Wow, आई." तिला वाटलं मी बदलले.

मि. शेजारीच पेपर वाचत होता. पान उलटलं नाही बराच वेळ.

शनि. १० जून

टेबलावर पुन्हा नकाशे. त्यानेच काढले. सप्टेंबरसाठी मॉर्व्हाँ, पॅरिसच्या पलीकडे, जंगलं आणि तळी. जास्त डोंगराळ. दोरा ओला करून बसला होता. मी चहा ठेवला, निघाले, तर म्हणाला, "बस ना. तुझ्याशिवाय कसा काढू?"

बसले. दोऱ्याचं एक टोक मी धरलं.

म्हटलं, "मला या चढाची भीती वाटते." बोटाने दाखवलं. इतकं सोपं होतं, बारा दिवसांपूर्वीसुद्धा इतकंच सोपं होतं.

त्याने वाकून पाहिलं. "मलाही," म्हणाला.

पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबले. आलं नाही. त्याने दोरा पुढच्या वळणावर नेला.

रवि. ११ जून

न्यू फॉरेस्ट, जुना रूट. मी पुढे, तो मागे. त्याची गोष्ट चालू होती, मी मागे वळून पाहिलं नाही. एका उघड्या माळावर, सपाट रस्त्यावर, गोष्ट मध्येच थांबवून तो म्हणाला, "थांब जरा."

थांबले. सायकल आडवी टाकून तो गवतात बसला. मीही बसले. वारा होता, घोडे लांब होते.

मी विचारलं नाही. मनात दहादा विचारलं, तोंडाने नाही. त्याने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.

मग: "त्या दिवशी वर. तिसऱ्या वळणावर."

"हं."

"दुखलं नाही. पण... कसं सांगू. जड वाटलं. पट्टा आवळेपर्यंत गेलं."

"हं."

"तुला सांगितलं असतं तर तू मला तिथूनच हेलिकॉप्टरने आणलं असतंस."

"ट्रॅक्टरने," मी म्हटलं.

हसला. बराच हसला, आणि हसताना दम लागला नाही, हे मी पाहिलंच. सवय जात नाही.

"आज काही वाटलं?"

"आज नाही. आज नुसतं सांगायचं होतं."

खरं का? आज मी विश्वास ठेवला. ठरवून ठेवला, आपोआप नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये, ब्रॉकनहर्स्ट सुटल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या जीपीला फोन करून वेळ घेतो. जड वाटलं होतं, ते सांगतो." आजवर फॅमिली डॉक्टरकडच्या त्याच्या सगळ्या अपॉइंटमेंट मीच घेत आले. सकाळी आठला लाइन उघडते, त्याआधीच माझं बोट बटणावर असतं. तो आठला कधीच उठत नाही. उशीर झाला तर त्या दिवसाच्या वेळा संपतात, मग दुसऱ्या दिवसावर जातं. दोन दिवसही जाऊ शकतात.

त्याला मी म्हटलं, "बरं."

आत्ता तो खाली टायर धुतोय. फोन माझ्या शेजारीच आहे.

उद्या: जीपीला फोन मी करायचा नाही.